चांदीच्या पानाची डोरली

माझ्या टेबलावर लोक काय काय आणून ठेवत. प्लास्टिकच्या पिशवीत घामेजलेला पाला, रुमालात बांधलेली बोंडं, वहीत दाबून चुरा झालेलं फूल. एकदा एका गृहस्थांनी शर्टाच्या खिशातून एकच पान काढलं, टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे पाहत बसून राहिले. मेहुण्याने दिलेलं पान होतं. रोज एक चावून खाल्लं की साखर उतरते म्हणे. मी म्हटलं, फूल आणा, फळ असेल तर फळ आणा, जमलं तर मूळही आणा, मग नाव सांगते. ते रागावून उठले. एवढ्या मोठ्या कॉलेजात एका पानाचं नाव सांगता येत नाही, हे त्यांनी बाहेर शिपायालाही ऐकवलं.

मी प्राध्यापक नव्हते. परभणीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक म्हणून मी एकतीस वर्षं काढली. वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा जिम्मा माझ्याकडे होता. आणलेली वनस्पती वर्तमानपत्राच्या घडीत नीट पसरायची, वरून लाकडी चौकट आवळायची, रोज कागद बदलायचे, नाहीतर बुरशी धरते. आठ-दहा दिवसांनी वाळली की जाड पांढऱ्या कागदावर टाके घालून बसवायची. खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची: नाव, गाव, तारीख, कोणी आणली, आणि ओळखणाऱ्याची सही. सांगायला एवढंच. पण हे वर्षानुवर्षं करताना डोळे तयार होतात. दोन पानांमधला फरक आधी दिसतो आणि तो कशामुळे, हे मागाहून कळतं. विभागातले सर तासावर असले की झाड विचारायला आलेल्या माणसाला शिपाई माझ्याकडे पाठवी. पुढे पुढे सर मोकळे असले तरी माझ्याकडेच पाठवू लागला.

एका दुपारी दवाखान्यातला कंपाउंडर स्टीलचा डबा घेऊन धावत आला. निंदायला गेलेल्या चार बायांनी रानातली भाजी शिजवून खाल्ली होती. आता चौघी बरळत होत्या, घरच्यांना ओळखत नव्हत्या. डब्यात उरलेली भाजी होती. मी ती ताटलीत पाण्यात पसरली आणि चिमट्याने तुकडा तुकडा वेगळा करत गेले. तांदुळजा, तांदुळजा, पुन्हा तांदुळजा. मग एका देठाला चिकटलेलं इवलंसं काटेरी बोंड हाती आलं. धोतरा. कागदावर तेवढा शब्द लिहून दिला आणि कंपाउंडर पळाला. चौघी वाचल्या. वाचवलं डॉक्टरांनी, पण त्या रात्री मला झोप आली ती फार समाधानाची होती. अशा दोन-चार प्रसंगांनी माणूस फुगतो. मी फुगले होते. पुढचं सांगायचं तर हे आधी कबूल करायला हवं.

कौसामावशी पहिल्यांदा आल्या तेव्हा विभागात तपासणीसाठी समिती येणार होती. मी स्टुलावर उभी राहून कपाटं पुसत होते. साठीच्या पुढच्या, काटक अंगाच्या बाई दारात उभ्या राहिल्या. पेडगावहून आलेल्या, घर गुरवाचं. महादेवाच्या देवळामागची दहा-बारा गुंठ्यांची फुलबाग त्यांच्या घराकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेली. कण्हेर, जास्वंद, गलांडा, पांढरी रुई, बेलाची दोन झाडं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती लेक नांदेडला दिलेली. देवाची रोजची फुलं आणि सणावाराचे हार त्या एकट्या करत. गावात त्यांना जो मान होता, तो या बागेमुळे.

त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक काडी काढली. बसमध्ये चुरगळून गेलेली. दोन जांभळी फुलं, एक पिवळं फळ, बारीक काटे, पानं मोडलेली. दोन वर्षांपूर्वी हौदाच्या कडेला हे आपणहून आलं होतं. फूल देखणं, म्हणून त्यांनी उपटलं नाही. देवालाही वाहिलं. आता ते गलांड्यात शिरलं होतं, कण्हेरीच्या बुडात माजलं होतं, आणि फुलं तोडताना हाताला काटे लागत होते. ह्याचं नाव काय आणि इलाज काय, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मी स्टुलावरून उतरले, काडी खिडकीच्या उजेडात धरली आणि सांगून टाकलं, "डोरली आहे ही, मावशी." डोरली म्हणजे रानवांग्याच्या जातीतलं काटेरी झुडूप. आपल्याकडे बांधाबांधाला असतं.

त्यांनी काडीच्या पानावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "बाई, डोरली मला ठावं हाय. आमच्या बांधाला हाय ना. हिचं पान चांदीवानी हाय, दोन्ही अंगानं."

उन्हात वाढलेल्या झाडाला लव जास्त येते, असं मी सांगितलं. खोल खणून काढा, जमीन चांगली उलथीपालथी करा, म्हणजे जाईल. डोरलीला हा इलाज चालतो. त्यांनी मान हलवली, हात जोडले आणि गेल्या. काडी मी ठेवून घेतली, वाळवली, कागदावर बसवली. चिठ्ठीवर डोरली लिहिलं. मूळ नव्हतं, अखंड पान नव्हतं. दुसऱ्या कोणी असं काही आणलं असतं तर मी परत पाठवलं असतं. त्या दिवशी मला कपाटं पुसायची घाई होती. शिवाय समोरच्या बाईला डोरली माझ्यापेक्षा जास्त ओळखीची असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

दीड वर्षाने त्या पुन्हा आल्या. ह्या वेळी काखेत ओलं पोतं होतं. खुर्चीवर न बसता त्यांनी ते फरशीवर उलगडलं. आत अख्खं झाड होतं, आणि झाडापेक्षा लांब मूळ. हातभर होऊनही टोकाला तुटलेलंच. खाली अजून बरंच आहे, कुदळ पुरत नाही, म्हणाल्या. मुळावर चार-पाच ठिकाणी पांढरट कोंब फुटले होते. मग त्यांनी पिशवीतून तेलाचा कापलेला डबा काढला. त्यात माती होती आणि मातीत एक चांदीच्या पानांचं रोप.

"बाई, म्या मुद्दाम बोटाच्या पेराएवढा तुकडा लावून बघितला," त्या म्हणाल्या. "पंधरा दिसात उगवलं. मी खांदायले अन् ते वाढायलंय."

आवाजात तक्रार नव्हती. जे दिसलं ते सांगत होत्या. मी कपाटातून त्यांच्या जुन्या काडीचा कागद काढला, खऱ्या डोरलीचा कागद शेजारी ठेवला. डोरलीचं पान रुंद, कातरलेलं, वरून हिरवं. हिचं लांबट, कडेला नुसती लहर, आणि दोन्हीकडून दाट पांढरी लव, एवढी की पान चांदीचं वाटावं. हे ताज्या झाडावर दिसत होतं, आणि माझ्या हाताने बसवलेल्या मोडक्या काडीवरही दिसत होतं. दीड वर्ष ते कपाटात होतं. मला सांगायला कोणी आलं नव्हतं असंही नाही. "दोन्ही अंगानं" हे शब्द मी ऐकले होते.

विभागातल्या पुस्तकांत हे झाड सापडेना. वर्गातल्या मुलींनी मोबाईलवर फोटो काढून पाहिला, तर मोबाईलने तीन नावं सांगितली, त्यातलं एक हिमालयातल्या झाडाचं. शेवटी मी वाळवलेला नमुना आणि फोटो पुण्याच्या एका जाणकारांकडे पाठवले. आठवड्याभराने उत्तर आलं. वांग्याच्याच कुळातलं, पण परदेशी, अमेरिकेकडचं. मराठीत त्याला नाव नाही. फळं विषारी, जनावरांनाही. बियांनी पसरतं, पण मुळांच्या तुकड्यांनी त्याहून जास्त. शेवटची ओळ अशी होती, की ते आहे तिथे नांगर, कुदळ, ट्रॅक्टरचा रोटावेटर काही चालवू नये. ते पेडगावात कसं आलं, मेंढ्यांच्या लेंडीतून की आणलेल्या मातीतून, हे मला आजही सांगता येत नाही.

संग्रहाचा एक नियम आहे. चिठ्ठीवरचं नाव चुकलं असेल तर ती चिठ्ठी काढायची नाही, खोडायची नाही. शेजारी नवी चिकटवायची: बरोबर नाव, तारीख आणि दुरुस्त करणाऱ्याची सही. मी तशी चिकटवली. त्या कागदावर आता माझ्या दोन सह्या आहेत.

रविवारी मी पेडगावला गेले. बाग पाहिली. कण्हेरी तेवढ्या उभ्या होत्या, बाकी सगळीकडे तेच चांदीचं पान. बांधापलीकडे दत्तरावांचं सोयाबीन होतं. दत्तराव म्हणजे मावशींच्या शेजारचे शेतकरी, चाळिशीतले, अडीच एकराचे धनी. त्यांच्या हिरव्या रानात चांदीचे पट्टे उभे होते, दोरी धरल्यासारखे सरळ. हे असं रेघेत कसं आलं, मी विचारलं. तेव्हा कुठे मावशींनी मला उरलेली गोष्ट सांगितली.

मी खणायला सांगितलं होतं. ह्या वयात सगळी बाग खणणं त्यांना झेपलं नाही. दत्तरावांच्या रानात रोटावेटर आला तेव्हा त्यांनी एक फेरी बागेतून मारायची विनंती केली. दत्तरावांनी देवाचं काम म्हणून लगेच मारून दिली आणि रोटावेटर तसाच आपल्या रानात घातला. पात्यांना अडकलेली मुळं त्याच्याबरोबर गेली. पुढच्या हंगामात त्यांच्या रानात पट्टे उगवले. दत्तराव मावशींशी बोलेनासे झाले. देवळाच्या बैठकीत त्यांनी सांगितलं, ही बाग आता रोगाचं घर झाली आहे, मोडून टाका. काही जणांच्या मनात तिथे सभामंडप बांधायचं आधीपासून होतंच. बैठकीत मावशींना विचारलं गेलं, रोटावेटर घालायचं कोणी सांगितलं होतं? त्या म्हणाल्या, माझ्याच मनानं घातला.

मी विचारलं, माझं नाव का नाही सांगितलं?

त्या हौदाच्या कडेला बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुमची नोकरी हाय, बाई. अन् तुमी काय मुद्दाम सांगितलं का?"

दत्तराव बांधावर ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते. मी त्यांच्याकडे गेले आणि झालं ते सगळं सांगितलं. झाड ओळखण्यात माझी चूक झाली. मावशींनी मला तेव्हाच सांगितलं होतं की ही डोरली नाही, मी ऐकलं नाही. खणायला लावलं ते मी. ते चिडतील, चार शब्द बोलतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी हातातली नळी बांधावर ठेवली. म्हणाले, "म्याडम, काकू सहा-आठ म्हैने माझ्या दारावरून खाली मान घालून जायल्या. मी एकदाबी हाक मारली न्हाई. त्याचं काय करू मी आता?"

मग त्यांनी विचारलं, हे जाईल का? मी म्हटलं, माहीत नाही. एवढ्या नोकरीत हे दोन शब्द मी फार क्वचित वापरले होते. त्या दिवशी ते बोलल्यावर मोकळं वाटलं असंही नाही. फक्त खरं होतं.

दत्तराव त्याच आठवड्यात बैठकीत गेले आणि आपलं आधीचं म्हणणं मागे घेतलं. बागेला मुदत मिळाली. किती, ते कोणी ठरवलं नाही.

इलाज असा होता. अशा तणाचं कोठार जमिनीखाली असतं. वर आलेलं पान उन्हात अन्न करतं आणि खाली मुळात भरतं. पान आलं की ते कमवायला लागायच्या आत जमिनीलगत कापायचं. मूळ पुन्हा कोंब पाठवतं, त्यात त्याची शिल्लक खर्च होते. पुन्हा कापायचं. दर दहा दिवसांनी, न चुकता. फूल दिसू द्यायचं नाही. जुनी फळं वेचून जाळायची. विळा, खुरपं, चपलासुद्धा बांधावर धुऊनच बाहेर यायचं. दत्तरावांच्या रानात एका कृषितज्ज्ञांना विचारून तणनाशक वापरलं. फवारा नाही, कापडाच्या बोळ्याने एकेका पानाला पुसायचं. बागेत मात्र मावशींनी औषध येऊ दिलं नाही. ही फुलं देवावर जातात आणि मधमाश्याही इथेच येतात, असं त्यांचं म्हणणं. मग बागेचा अर्धा भाग काळ्या प्लास्टिकखाली झाकला आणि उरलेला हाताने राखला.

दोन वर्षं त्या बागेत फुलं जवळजवळ नव्हती. महाशिवरात्रीला मावशी गावात दारोदार परडी घेऊन फिरल्या. ज्यांच्या घरी त्या स्वतः हार पाठवत, त्यांच्याकडे चार फुलं मागताना त्यांना कसं वाटलं असेल, हे मी विचारलं नाही. दत्तरावांच्या बायकोने त्या वर्षी हळदीच्या कडेने झेंडू लावला आणि रोज सकाळी टोपली देवळात पोचवू लागली.

मी एक रविवार सोडून एक जात असे. मावशी वाफ्याच्या ह्या टोकाला, मी त्या टोकाला. त्यांचा विळा माझ्या दुप्पट वेगाने चाले. मला चष्मा लावूनही न दिसलेला कोंब त्या मागे वळून दाखवत. "बाई, हे राहिलं," म्हणत. कधी माझ्याकडून तांदुळजाचं रोप कापलं गेलं तर हसत.

मधल्या काळात मी निवृत्त झाले. निरोप समारंभात सरांनी भाषणात सांगितलं की ह्या बाईंनी सांगितलेलं नाव कधी चुकलं नाही. मी उठून पेडगावचं सांगायला हवं होतं. शाल खांद्यावर होती, समोर मुली टाळ्या वाजवत होत्या. मी बसून राहिले. दत्तरावांपुढे जे जमलं ते त्या सभागृहात जमलं नाही. म्हणून आज इथे लिहिते आहे.

तिसऱ्या वर्षी कोंब पातळ यायला लागले, काडीसारखे. मुळात फार उरलं नसावं. प्लास्टिक काढलं, गलांडा लावला. चौथ्या वर्षी श्रावणात देवाला बागेतल्या फुलांची पूजा बांधली. दत्तरावांच्या रानातले पट्टे तुटले, पण पूर्ण गेले नाहीत. बांधाच्या कडेला ते अजूनही डोकं वर काढतात.

गेल्या हिवाळ्यात मावशींना धाप लागू लागली. परभणीला दवाखान्यात ठेवलं. लेक नांदेडहून आली होती. मी भेटायला गेले तेव्हा त्यांना बसवत नव्हतं, बोलताना दम लागत होता. मी हात धरून काही बाही बोलत होते, लवकर बऱ्या व्हाल वगैरे. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"मागच्या कापणीला दहा दिस झाले का?"

मी मनात मोजलं. अकरा झाले, म्हटलं.

त्यांनी माझा हात सोडला. "मग तुमी हितं काय करायलाव?"

लेकीकडे पाहिलं तर तिने मान हलवली, जा म्हणाली. मी खाली आले, रिक्षा केली आणि पेडगाव गाठलं. वाटेत एकच विचार, अंधार पडायच्या आत निदान हौदाकडची बाजू व्हावी. बागेत शिरले तर दत्तराव उकिडवे बसून वाफा धुंडत होते. बायको दुसऱ्या वाफ्यात होती. हौदाच्या कडेवर कापलेले कोंब ओळीने वाळत ठेवलेले, मोजून सात. दत्तरावांनी वर पाहिलं. काकू कशा आहेत, विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कमरेचा दुसरा विळा काढून माझ्या हातात दिला आणि बेलाखालची रांग राहिली आहे, म्हणून दाखवली.

चौथ्या दिवशी मावशी गेल्या. त्यांची फुलांची सेवा आता दत्तरावांच्या घरी आली आहे. गावानेच ठरवलं. मी अजून जाते. ह्या पावसाळ्यात आम्हाला सबंध बागेत तीन कोंब सापडले, त्यानंतरच्या दोन खेपांना एकही नाही. दत्तराव विचारतात, संपलं म्हणायचं का? मी सांगते, दहा दिवसांनी पुन्हा बघू.